तोडलेला ऊस जिवंत असतो काय?

गेल्या गाळप हंगामातील गोष्ट आहे. सकाळी आठच्या सुमारास आम्ही केन यार्डात उभे होतो. रात्री गव्हाण दोन-अडीच तास बंद पडली होती. त्यामुळे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग पार फाट्यापर्यंत गेलेली. अशा वेळी यार्डात जे ऐकून घ्यावे लागते ते येथे छापण्याजोगे नसते. परंतु एक वयस्क सभासद आपल्या ट्रॉलीतले एक टिपरे हातात घेऊन शांतपणे आमच्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, एक विचारू का? परवा सकाळी तोडलाय हा ऊस. काट्यावर वजन कमी भरणार हे मला कळतंय. ऊन लागलं, पाणी उडालं. पण पाणी उडालं म्हटल्यावर गोडी वाढायला पाहिजे की नाही? मग तुमचे केमिस्ट म्हणतात, शिळ्या उसाला उतारा मिळत नाही. साखर काय उडून जाते काय?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही तेथे जे उत्तर दिले ते अर्धवट राहिले, कारण तेवढ्यात रांग हलली. पूर्ण उत्तर द्यायचे तर थोडे जीवशास्त्र सांगावे लागते. शाळेत "वनस्पती अन्न तयार करतात व प्राणी ते खातात" एवढे एक वाक्य पाठ करून आपण सारेच सुटलो. त्या वाक्यात आपल्या सबंध धंद्याचा हिशेब आहे हे गुरुजींनी सांगितले नाही, किंवा सांगितले असेल तर आम्ही तेव्हा खिडकीबाहेर पाहत असू.

हिशेब साखरेपासूनच सुरू करू. आपल्याला वाटते की साखर जमिनीतून येते. जमिनीतून साखरेसाठी येते ते फक्त पाणी. बाकीचा माल हवेतला. पानाच्या खालच्या-वरच्या बाजूस बारीक छिद्रे असतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड आत जातो, मुळांकडून पाणी वर येते, आणि पानातील हरितद्रव्य उन्हाच्या जोरावर या दोहोंची साखर करते. उरलेला प्राणवायू बाहेर सोडला जातो. वजनात सांगायचे तर १ क्विंटल साखर तयार होण्यास सुमारे १५४ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ५८ किलो पाणी खर्ची पडते. बेरीज २१२ किलो. त्यातून १०० किलो साखर व ११२ किलो प्राणवायू. जमाखर्च तंतोतंत जुळतो. नत्र, स्फुरद, पालाश यांपैकी एकही साखरेच्या कणात नसते. मग आपण खते कशाला घालतो? तर यंत्रसामग्रीसाठी. पान, हरितद्रव्य, मुळे ही उसाची यंत्रसामग्री, आणि ती उभी करावयास व चालती ठेवावयास खत लागते. साखर हा माल आहे.

या मालात ऊन कोंडलेले असते. १ क्विंटल साखरेत सुमारे ४ लाख किलोकॅलरी उष्णता साठविलेली आहे, आणि ती सारी सूर्याची. मात्र उन्हाचा फारच थोडा भाग पिकाच्या हाती लागतो. उसासारखे तरबेज पीकही शेतावर वर्षभर पडलेल्या उन्हाच्या शंभर भागांपैकी एखाद-दुसरा भागच साठवू शकते. बाकीचे ऊन परत फेकले जाते, पान तापविण्यात आणि पाणी उडविण्यात जाते.

आता दुसरी बाजू. साखर साठविणे हा उसाचा निम्मा संसार झाला. ऊस स्वतः जगतो कशावर? तोही साखरेवरच. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपण, बैल, उंदीर, हुमणी आणि ऊस, सगळे आपापल्या पेशींत साखर किंवा तिच्या जातीचे अन्न प्राणवायूच्या मदतीने जाळतो. जाळतो म्हणजे ज्वाला निघत नाही, हळूहळू, पायरीपायरीने. वर सांगितलेला हिशेब येथे उलटा चालतो. साखर व प्राणवायू खर्ची, कार्बन डायऑक्साइड व पाणी जमा, आणि मोकळी झालेली ऊर्जा जिवाच्या कामाला. यालाच श्वसन म्हणतात. नाकाने श्वास घेणे हा त्याचा वरवरचा भाग, खरे श्वसन पेशीच्या आत.

ही ऊर्जा पेशी लगेच वापरत नाही. ती एका छोट्या संयुगात भरून ठेवते. त्याचे नाव एटीपी. साखर ही सोसायटीतील ठेव समजा आणि एटीपी म्हणजे खिशातली मोड. चहावाल्याला ठेवपावती देऊन भागत नाही, मोडच लागते. पेशीचेही तसेच. ग्लुकोजचा एक कण पुरता जाळला तर सुमारे तीस एटीपी मिळतात. गंमत अशी की मुंगीपासून माणसापर्यंत आणि शेवाळापासून उसापर्यंत सर्वांच्या खिशात मोड हीच. जीवसृष्टी एका कुळातली असल्याचा याहून सरळ पुरावा आम्हांस माहीत नाही.

तोडल्यानंतर काय होते

कोयता लागला म्हणजे ऊस मरत नाही. मुळे तुटतात, वाढे छाटले जाते, पण कांड्यातील लक्षावधी पेशी जिवंतच राहतात. बेणे म्हणून आपण तोडलेलेच टिपरे लावतो व त्याचा डोळा फुटतो, यापेक्षा दुसरा दाखला कशाला हवा? तेव्हा मोळीतला ऊस श्वास घेतोच आहे. फरक एवढाच की पाने गेल्यामुळे मिळकत बंद आणि खर्च चालू. हा खर्च ठेवीतून, म्हणजे आपल्या साखरेतून होतो. उन्हाने मोळी तापली की खर्च वाढतो. साधारणपणे दहा अंश उष्णता वाढली की श्वसनाचा वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणून फेब्रुवारी-मार्चचा शिळा ऊस डिसेंबरच्या शिळ्या उसापेक्षा अधिक वाया जातो.

यापेक्षा मोठे नुकसान आणखी एका गोष्टीने होते. आपली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन कणांची जोडी. उसाच्या अंगातच ही जोडी फोडणारे एक द्रव्य असते, त्याला इन्व्हर्टेज म्हणतात. साठवलेल्या साखरेचा वापर करायचा तर आधी जोडी फोडावी लागते, म्हणून निसर्गाने ते ठेवले आहे. तोडलेल्या उसात त्याचा जोर वाढतो. जोडी फुटली तरी गोडी जात नाही. चाखून पाहिले तर ऊस गोडच लागतो. परंतु फुटलेली जोडी पॅनमध्ये स्फटिक धरत नाही. ती सरळ मळीत जाते. आमच्या त्या सभासदांच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर. साखर उडून गेली नाही, ती पोत्यात येण्याऐवजी मळीच्या टाकीत गेली. हातातला ब्रिक्समीटर येथे फसवितो. पाणी उडाल्याने ब्रिक्स चढतो, फुटलेली साखरही त्यात मोजली जाते, आणि शेतकऱ्याला वाटते की ऊस सुधारला. रसाची शुद्धता मात्र घसरलेली असते. न छाटलेले वाढे मोळीत राहिले तरी हाच प्रकार होतो, कारण कोवळ्या शेंड्यात फुटलेली साखर आधीच भरपूर असते.

उरलेले अर्धे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या पाहुण्यांचे. कोयत्याने झालेल्या जखमेतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू आत शिरतात. हे मातीत व पाचटावर नेहमीच असतात. त्यांना जगावयास प्राणवायूची गरज नाही. ते साखरेची जोडी फोडतात, फ्रुक्टोज सोडतात व ग्लुकोजचे कण माळेसारखे एकास एक जोडून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवितात. जुन्या मिस्त्री लोकांना गिरणीच्या कोपऱ्यात साचणारा तो बुळबुळीत थर ठाऊक आहे. डेक्स्ट्रानने रस जाड होतो, गाळण मंदावते, पॅन उकळण्यास वेळ लागतो, दाणा लांबट होतो. शिवाय प्रयोगशाळेतील पोलचे यंत्र डेक्स्ट्रानलाही साखर समजते आणि आकडा फुगवते. म्हणजे कागदावर साखर दिसते आणि पोत्यात येत नाही!

जळीत उसाची साल व मेण करपून तडे जातात, तेथे या जंतूंना दारे सताड उघडी मिळतात. तोडणी यंत्राने तुकडे केलेल्या उसाला दोन टोकांऐवजी दहा टोके असतात, म्हणून तोही लवकर खराब होतो. शेतकी विभाग चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा म्हणून जो आग्रह धरतो तो यासाठी.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. दिरंगाईचे खापर एकट्या सभासदावर फोडता येणार नाही. टोळी तोडून बसते आणि वाहन येत नाही, वाहन येते आणि गव्हाण बंद असते. हे आमच्याकडूनही घडते व ते आम्ही नाकारत नाही. पण नुकसान कोणाचे? दर ठरतो तो साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. २०२२-२३ च्या हंगामापासून एफआरपीसाठी मूळ उतारा १०.२५ टक्के धरला जातो आणि त्यावरील प्रत्येक दशांश टक्क्याला वाढीव रक्कम मिळते. तेव्हा एकाच्या फडातला तीन दिवसांचा शिळा ऊस ज्याने ताजा ऊस घातला त्याच्याही बिलातून थोडे कापतो. काटा ज्याचा त्याचा असतो, उतारा सर्वांचा मिळून.

उभ्या उसालाही हेच लागू आहे. दिवसा जमा, रात्री खर्च. डिसेंबर-जानेवारीत स्वच्छ ऊन आणि थंड रात्री असतात, वाढ थांबते, रात्रीचा खर्च कमी होतो आणि शिल्लक कांड्यात जमते. उलट तुरा येऊन गेलेला ऊस फार दिवस ठेवला तर दशी पडते, तेव्हा झाड ठेवीवर जगत असते.

ऊसवाल्यांनी लावलेला शोध

पानातले काम नेमके कसे चालते याचा एक मोठा शोध साखरधंद्याच्या पैशातून लागला आहे, आणि तो आपल्या सभासदांना ठाऊक असावा असे आम्हांस वाटते. अमेरिकेत मेल्विन कॅल्व्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गी कार्बन वापरून दाखवून दिले होते की हवेतला कार्बन पानात प्रथम तीन कार्बनांच्या एका संयुगात दिसतो. १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सर्वांनी धरून चालले की सगळ्या झाडांत असेच. परंतु हवाई बेटांवरील ऊस मळेवाल्यांच्या संघाच्या प्रयोगशाळेत ह्यूगो कोर्टशाक आणि त्यांचे सहकारी उसाच्या पानावर हाच प्रयोग करीत होते, तेथे कार्बन प्रथम चार कार्बनांच्या आम्लात सापडे. त्यांनी हे १९६५ साली प्रसिद्ध केले. (हे मळेवाले बडे लोक होते, आपल्यासारखे दोन-चार एकरवाले नव्हेत, पण संशोधनासाठी खिशात हात घालीत एवढे खरे.) ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे एका साखर कंपनीच्याच प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ पासून त्यामागची सबंध यंत्रणा उलगडली.

ती अशी. साध्या झाडात कार्बन पकडणारे जे द्रव्य आहे ते थोडे वेंधळे असते. उष्णता वाढली की ते कार्बन डायऑक्साइडच्या जागी प्राणवायू पकडते आणि केलेले काम काही अंशी फुकट जाते. भात व गहू यांचे हे नुकसान होते. उसाने युक्ती केली आहे. पानातील प्रत्येक शिरेभोवती जाड पेशींचे एक कडे असते. बाहेरच्या पेशी कार्बन पकडून चार कार्बनांच्या आम्लाच्या रूपाने या कड्यात नेऊन ओततात. कड्याच्या आत कार्बन डायऑक्साइडची इतकी गर्दी होते की वेंधळ्या द्रव्याला चुकायला वावच राहत नाही. गव्हाणीत ऊस सतत भरलेला राहिला म्हणजे गिरणी रिकामी फिरत नाही, तसे. या ओतण्याला ऊर्जा लागते, पण आपल्याकडील उन्हात तो खर्च भरून निघतो. ज्वारी, बाजरी व मका यांचीही हीच पद्धत.

जे पिकवतात आणि जे खातात

जगण्याच्या दृष्टीने सजीवांचे दोन मोठे गट. स्वतःचे अन्न करणारे ते स्वयंपोषी, दुसऱ्याचे खाणारे ते परपोषी. आणि परपोषींतही खाण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या. आपल्या आसवनीत यीस्ट आहे. प्राणवायू नसताना ते साखर अर्धवट फोडते. ग्लुकोजच्या एका कणातून त्याला तीसऐवजी फक्त दोनच एटीपी मिळतात. उपाशी राहू नये म्हणून ते ढीगभर साखर फस्त करते आणि अल्कोहोल टाकून देते. साखरेतल्या उष्णतेचे शंभरापैकी पंचाण्णवहून अधिक भाग त्या टाकून दिलेल्या अल्कोहोलमध्ये तसेच असतात. म्हणून तर ते पेट्रोलमध्ये घालून इंजिन चालते. यीस्ट जर काटकसरी असते तर आपल्याला इथेनॉल मिळाले नसते.

आंबण्याचे काम जिवंत जीव करतात, हे ज्यांनी ठामपणे मांडले त्या लुई पाश्चर यांच्यापुढे हा प्रश्न आणला तोही एका अल्कोहोल कारखानदाराने. फ्रान्समधील लील गावी १८५६ साली बीटच्या रसाचे पिंप नासत होते. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो चांगल्या पिंपात यीस्टचे गोल कण आणि नासक्या पिंपात त्याहून बारीक काड्या. दोन जीव, दोन उद्योग. एक अल्कोहोल करतो, दुसरा आंबट आम्ल.

आसवनीच्या स्पेंटवॉशमधून आपण गॅस काढतो तेथे आणखी तिसरेच लोक कामाला आहेत. प्राणवायू लागला की ते निकामी होतात. इतर जंतूंनी टाकलेले हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि ॲसेटिक आम्ल यांवर ते जगतात व मिथेन सोडतात. गोबरगॅसच्या टाकीत आणि म्हशीच्या पोटातही हेच. पूर्वी यांची गणना साध्या जंतूंत होत असे. १९७७ साली अमेरिकेतील कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या पेशीतील रेणू ताडून पाहिले आणि सांगितले की हे जंतू नव्हेतच, जीवसृष्टीची ही वेगळीच शाखा आहे. आज तिला आर्किया म्हणतात. गोबरगॅसच्या टाकीतला जीव आणि दह्यातला जंतू यांचे नाते आपण समजत होतो त्याहून कितीतरी दूरचे निघाले.

यावरून नावांच्या आणि कुळांच्या गोष्टीवर येऊ. उसाचे शास्त्रीय नाव लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली दिले, सॅकॅरम ऑफिसिनॅरम. त्यातला पहिला शब्द ग्रीकांकडून आला खरा, पण मुळात तो आपल्या शर्करेचाच. ऊस गवताच्या कुळातला. नदीकाठी पांढरे तुरे काढणारे एक उंच रानगवत त्याचे सख्खे भावंड आहे. या नात्याचा उपयोग झाला. १९१२ साली कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड गोड उसाचा त्या काटक रानगवताशी संकर करून को २०५ ही जात काढली, ती १९१८ साली शेतात आली. आपण लावतो त्या को ८६०३२ मधील "को" म्हणजे कोइमतूर, आणि तिच्या रक्तातही ते रानगवत आहे.

मात्र कूळ एक आणि पोट भरण्याची रीत दुसरी, असे पुष्कळदा असते. अमरवेल पाहा. कुळाने ती रताळ्याची नातलग, पण हिरवेपणा टाकून दुसऱ्याच्या फांदीवर जगते. टारफुला हिरवा असून मुळांनी उसाचे आणि ज्वारीचे अन्न चोरतो. २००२ साली आपल्या भागात लोकरी मावा आला तो प्रसंग कोणी विसरले नसेल. मावा पानातला रस शोषी, त्याच्या गोड विष्ठेवर काळी बुरशी वाढे व पान काळे पडून पुढचे अन्न बंद होई. एका उन्हावर तीन खाणारे! त्या माव्याला खाणारी डिफा ही अळी पतंगाची, म्हणजे उसाच्या खोडकिडीच्याच गणातली. अळी दिसली की शत्रू समजून फवारा मारणाऱ्याने आपला राखणदार मारला. माव्यावरचा फवारा मित्रकीटकाला ओळखत नाही.

बुरशीचेही तसेच. पूर्वी तिला वनस्पतींत घालीत. व्हिटेकर यांनी १९६९ साली पाच सृष्टी मांडल्या त्यात बुरशीला स्वतंत्र जागा दिली, कारण ती अन्न तयार करीत नाही आणि गिळतही नाही. अन्नावर पाचक रस सोडते व विरघळलेले शोषून घेते. रेणूंचा पुढील अभ्यास सांगतो की ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. काणी ही बुरशी. हुमणीवर आपण मेटाऱ्हायझियम वापरतो तीही बुरशीच, आणि तिचे अन्न म्हणजे हुमणी. पण गवताळ वाढ हा रोग बुरशीचा नव्हे. तो पेशीभित्तिका नसलेल्या एका सूक्ष्म जंतूचा. तो बेण्यातून आणि तुडतुड्यांमार्फत पसरतो, तेव्हा त्यावर बुरशीनाशक ओतणे म्हणजे पैसे पाटात सोडणे. मोझॅक तर विषाणूचा. विषाणूला स्वतःचे श्वसन नाही, एटीपी नाही, तो उसाच्याच पेशीकडून सारे करवून घेतो. म्हणून या दोन्ही रोगांत बेट समूळ उपटून काढणे आणि निरोगी बेणे हाच उपाय शेतकी विभाग सांगतो. औषधाच्या दुकानात जाण्याआधी रोगट पान आमच्या गट कार्यालयात दाखवावे, ओळख पटवून देऊ.

त्या वयस्क सभासदांनी हातात धरलेले टिपरे आम्ही त्यांच्या परवानगीने ठेवून घेतले होते. कार्यालयामागे ओल्या मातीत खोचले. बाराव्या दिवशी त्याला डोळा फुटला.

पुढील अंकात खोडव्याच्या मुळांसंबंधी लिहू.